चिंता, साइझ मीडियम

म्हैसूरमधल्या चामराजपुरम येथील लेडीज टेलर गुंडू यांनी एका सोमवारी सकाळी अकरा वाजता पांढरं रेशीम टेबलावर अंथरलं, हात धुऊन पुसले, खडूने रेघ मारली, कात्री उचलली आणि कापलं नाही. मंगळवारी त्यांनी तीच रेघ पुसून पुन्हा मारली आणि कापलं नाही. बुधवारपर्यंत त्या रेशमावर इतक्या रेघा झाल्या होत्या की कापड भूमितीच्या परीक्षेला बसल्यासारखं दिसत होतं.

कापड साधं नव्हतं. आषाढी एकादशीला शिंपी मंडळाच्या देवळातल्या विठ्ठलाला नवी अंगी चढते आणि ती गुंडूच्याच घरातून शिवून जाते. आधी वडील शिवत, आता गुंडू. देवाचं माप वडिलांनी घरातल्याच दुकानाच्या भिंतीवर तेलरंगात लिहून ठेवलेलं आहे. हे गिऱ्हाईक वाढत नाही, सुटत नाही, बाळंत होत नाही, ट्रायलला येऊन भावजयीच्या ब्लाउजचा फोटो दाखवत नाही. इतकं सोयीचं गिऱ्हाईक अख्ख्या म्हैसुरात दुसरं नाही. तरी त्या आठवड्यात गुंडू तीन वेळा देवळात जाऊन देवाचं माप घेऊन आला. तिसऱ्या वेळी पुजाऱ्याने विचारलं, देव बारीक झालाय असं तुम्हाला वाटतं की काय? गुंडू म्हणाला, खात्री केलेली बरी. एकादशीला तेव्हा नऊ आठवडे होते.

यामागे कारण होतं आणि ते फक्त गुंडूला ठाऊक होतं. मागच्या वर्षीची अंगी दोन बोटं आखूड झाली होती. त्यावर हार पडले, तुळस पडली, आरती झाली, लोक प्रसाद घेऊन घरी गेले. कोणी काही बोललं नाही. आणि तेव्हापासून गुंडू रोज कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबलेला होता.

थांबता थांबता छातीत आवळायला लागलं. तळहाताला घाम. रात्रीची झोप तीन तासांवर आली. ब्लाउजचा मुंढा चार चार वेळा मोजायचा, मग मोजलेलं खरं का म्हणून टेपच मोजायची. शेवटी बायको सिंधूने त्याला इस्पितळात नेलं. इसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं उत्तम निघालं. आजार निघाला असता तर घरच्यांनी शहाळी आणली असती. काहीच निघालं नाही म्हणून वाटेभर बोलणी बसली. डॉक्टरांनी मात्र कागदाच्या तळाशी लिहिलं होतं की चिंतेचा त्रास दिसतो, समुपदेशकाला भेटावं. सिंधूने तो कागद गुळाच्या डब्याखाली ठेवला. लाज म्हणून नव्हे, वाऱ्याने उडू नये म्हणून, असं तिने मुलीला सांगितलं.

मुलगी चैत्रा हेब्बाळच्या एका कंपनीत होती. तिला हे सगळं कळत होतं, कारण त्यांच्याकडे मनःस्वास्थ्याचं खातंच होतं. दर शुक्रवारी चार वाजता सक्तीची शांतता असे. शांत न झालेल्यांनी सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा. "अप्पा, सरळ जावा की तुम्ही," ती म्हणाली. "ह्याच्यात एन, काय आहे एवढं? आमच्या टीममधले अर्धे जातात. दुसरे अर्धे त्यांच्यामुळे जातात."

गुंडू गेलाही असता. पण तो देवाचा शिंपी होता. त्याने मंडळाला विचारलं आणि तिथून प्रकरण रीतसर झालं.

विठ्ठलभक्त शिवणकाम मंडळाचे अध्यक्ष सयाजीराव हे सुटाबुटाचे टेलर. त्यांनी तातडीची सभा बोलावली. प्रश्न नाजूक होता. समाजातला माणूस दात दुखला म्हणून डॉक्टरकडे गेला तर मंडळाला त्याचं काही नाही. पण ज्या हाताने देवाची अंगी कापायची तो हात मनाच्या डॉक्टरकडे गेला, तर अंगीवर काय परिणाम होईल याची घटनेत तरतूद नव्हती. तोपर्यंत अंगी दुसऱ्या कोणी कापावी का, असंही विचारून झालं. सभेत सदतीस शिंपी होते. सदतीसच्या सदतीस जणांना नेमक्या त्याच वेळी लग्नसराईच्या ऑर्डरी आठवल्या. काहींनी तर मुहूर्त नसलेल्या महिन्यातली लग्नं सांगितली.

सयाजीरावांनी गुंडूला उभं केलं.

"काय रे, कात्री धरायला येत नाही म्हणे?"

"धरायला येते, अण्णा. चालवायला येत नाही."

"काळजी वाटते?"

"वाटते."

"ती कोणाला नाही रे? मला नाही? मी जातो कुठं?" सयाजीराव म्हणाले आणि उत्तर कोणी देऊ नये म्हणून लगेच पाणी प्याले.

महिला शाखेच्या गोदावरीबाईंचं मत पडलं की आपल्या काळी असलं काही नव्हतं. हे सांगताना त्या दोनदा उठून पर्समध्ये घराची किल्ली आहे का ते बघून आल्या. पर्स मांडीवरच होती, त्यामुळे उठण्याची गरज नव्हती, पण सवय.

चिटणीस सुदीप तरुण आणि शिकलेला. त्याने मोबाइलवरून डॉक्टर लोक वापरतात ती प्रश्नावली काढून वाचून दाखवली. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता येत नाही असं किती दिवस झालं, चिडचिड किती, असे सात प्रश्न होते. सभेने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग सयाजीरावांनी साऱ्या समाजाच्या मनातली शंका बोलून दाखवली.

"ह्याच्यात इंच कुठंय?"

बरोबर होतं. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी माणूस छाती, कंबर आणि खांदा एवढ्यावर ओळखला, त्यांना 'बरेच दिवस' हे माप कसं पटावं? सभेने ठराव क्रमांक चार एकमताने मंजूर केला: डॉक्टरकडे जाण्याआधी सभासदाच्या चिंतेचं माप घ्यावं. स्मॉल आणि मीडियम चिंता घरच्या घरी दाबावी. लार्ज असल्यास अध्यक्षांच्या सहीने दोन आठवडे थांबावं. एक्स्ट्रा लार्ज असल्यासच डॉक्टर.

फॉर्म तयार झाला आणि तो मोठ्या कसबाने तयार झाला, हे कबूल केलं पाहिजे. चिंता वाढली की खांदे वर चढतात, हे प्रत्येक शिंप्याला माहीत असतं. गिऱ्हाइकाला 'खांदे सैल सोडा' असं दिवसातून वीसदा सांगावं लागतं. म्हणून कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंतचं अंतर हे पहिलं माप. जितकं कमी, तितकी चिंता जास्त. श्वास घेतल्यावरची आणि सोडल्यावरची छाती हे दुसरं. तिसऱ्यासाठी तळहातात अस्तराचा तुकडा धरायचा आणि तो किती ओला होतो ते बघायचं. शेवटी एक रकाना होता: कुलूप लावल्यावर किती वेळा ओढून पाहता.

गुंडूचं माप सर्वांसमक्ष घेतलं. कान ते खांदा अडीच इंच. अस्तर अर्धं ओलं. कुलूप चार वेळा. आकडे आले, पण ते लार्ज की एक्स्ट्रा लार्ज हे कोणाला सांगता येईना. सुदीप म्हणाला, "बेस पाहिजे, अण्णा. नॉर्मल माणसाचं किती भरतं ते कळल्याशिवाय ह्याचं कसं काय ठरवायचं?"

तेव्हा नॉर्मल माणसं शोधायचं ठरलं. पुढच्या रविवारी भजन झाल्यावर देवळाच्या हॉलमध्ये समस्त समाजाचं माप घ्यायचं, म्हणजे एक गुंडू विरुद्ध बाकी निरोगी समाज असा हिशेब डोळ्यांसमोर येईल.

रविवारी दोनशे अकरा माणसं रांगेत उभी राहिली. एकादशीला तेव्हा पाच आठवडे होते आणि रेशीम दुकानात तसंच पडून होतं. गुंडू एका कोपऱ्यात बसून बघत होता, कारण त्याचं माप आधीच झालेलं होतं.

पहिल्या दहा मापांतच सुदीपचा चेहरा बदलला. अध्यक्ष सयाजीराव, कान ते खांदा पावणेदोन इंच. त्यांनी टेप बदलायला लावली. दुसऱ्या टेपने दीड भरलं. गोदावरीबाईंनी मूठ उघडली तेव्हा अस्तर पिळून काढावं लागलं. कुलपाच्या रकान्यात त्यांनी 'आठ' असं सांगितलं आणि घरी जाऊन एकदा बघून येऊ का म्हणून विचारलं. उपाध्यक्षांचा येलवालला एक रिकामा प्लॉट आहे. दर रविवारी ते तो जागेवर आहे का ते पाहायला जातात. त्या रविवारी मापामुळे जाता आलं नव्हतं, तर त्यांची छाती श्वास घेतल्यावर आणि सोडल्यावर सारखीच भरली. एका गृहस्थांना फोन वाजला की कोणीतरी गेलं असंच वाटायचं, म्हणून त्यांनी फोन बंद ठेवलेला होता आणि आता कोणी गेलं तर आपल्याला कळणार कसं, या विचाराने ते रांगेतच घामाघूम झाले होते. रांग पुढे सरकत होती आणि चिंता वाढत होती. सोयराबाई मात्र गुंडूपेक्षा कमी भरल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या होत्या आणि माप घेताना त्यांना झोप लागली होती.

संध्याकाळी कार्यकारिणी दार लावून बसली. दोनशे अकरांपैकी दोनशे तीन माणसं गुंडूपेक्षा जास्त भरली होती. गुंडूला एक्स्ट्रा लार्ज धरलं तर ठरावाप्रमाणे या दोनशे तिघांनाही डॉक्टरकडे पाठवणं आलं. तसं केलं तर समाजात निरोगी उरले आठ. त्यातले पाच दहा वर्षांखालचे.

असल्या अडचणीतून वाट काढायला अनुभव लागतो. तो सयाजीरावांकडे होता. रेडीमेडच्या दुकानांनी धंदा कसा नेला हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर कंपनी त्याला पोट कमी कर म्हणत नाही; बत्तीसच्या लेबलाखाली चौतीसचा माल शिवते. गिऱ्हाईक खूश, कंपनी खूश. मंडळाने तोच मार्ग घेतला. ठराव क्रमांक पाचने एक्स्ट्रा लार्जचं नाव बदलून 'फ्री साइझ' करण्यात आलं. फ्री साइझ म्हणजे सर्वांना बसणारा, आणि सर्वांना बसतो तो नॉर्मल. त्या हिशेबाने गुंडूची चिंता मीडियम भरली. अर्ज नामंजूर.

सयाजीराव स्वतः दुकानात येऊन सांगून गेले. "अभिनंदन रे. तुझ्यापेक्षा मला जास्त आहे. आता सुम्ने, गपचूप काप बघू ते."

गुंडूने कात्री उचलली. ती रेघेवर अर्धा तास तशीच उघडी राहिली, तेव्हा सिंधूने येऊन काढून घेतली आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे न बघता गुळाच्या डब्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मृदुला मॅडम ब्लाउज न्यायला आल्या. त्या पुण्याहून दहा-बारा वर्षांपूर्वी बदलून आलेल्या नवऱ्याबरोबर आल्या आणि इथेच राहिल्या. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं समुपदेशनाचं केंद्र होतं. ब्लाउज तयार नव्हता, हे गुंडूने सांगितलं. मग का तयार नाही, हेही सांगितलं. मग देवाच्या अंगीचं सांगितलं, फक्त दोन बोटांचं तेवढं गाळलं. शेवटी त्याने अगदी हळू आवाजात, गिऱ्हाईक दर कमी करून मागतं तसं विचारलं.

"मॅडम, माझं मीडियम आलंय. मीडियमला तुमच्याकडं घेतात का?"

मृदुला मॅडम हसल्या नाहीत. "काम अडलंय का तुमचं, गुंडूकाका?"

"अडलंय."

"झोप?"

"तीन तास."

"किती दिवस झाले?"

"महिना झाला की हो."

"मग पुरे झालं. काळजी सगळ्यांनाच असते. ती काम अडवायला लागली, झोप खायला लागली आणि आठवडे गेले तरी उठेना, की यायचं. तुमच्याहून जास्त कोणाला आहे, हा प्रश्नच नाही. ब्लाउज काखेत काचतो म्हणून बाई आली तर तुम्ही तिला शेजारणीचं माप विचारता का?"

गुंडूने आयुष्यात हजारो ब्लाउज शिवले होते. असं कोणी समजेल त्या भाषेत सांगितलेलं त्याला आठवेना. त्याने गुळाचा डबा उचलून कागद काढला आणि त्याच दुपारी केंद्राला फोन लावला. फोन दीपश्री नावाच्या मुलीने उचलला. मंगळवारी चारची एकच वेळ उरली आहे, ती म्हणाली. नाव काय?

"गुंडू. चामराजपुरम."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "कुठले गुंडू, सर?"

"म्हणजे?"

"चामराजपुरमचे अकरा गुंडू आहेत आमच्याकडं. कालपासून फोनच फोन. त्यात तीन लेडीज आहेत."

गुंडूला उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. रविवारी दोनशे अकरा माणसांना आपापलं माप कळलं होतं. ठरावाने ते नॉर्मल झालं होतं, पण टेपवर ते तेवढंच होतं. जायचं तर नाव सांगणं आलं, आणि समाजात डॉक्टरकडे जाण्यासाठी बदनाम झालेलं एक नाव आयतंच तयार होतं. त्यावर आणखी डाग पडायला जागा नव्हती.

"अकरात आणखी एक कुठं घालायचा?" दीपश्री म्हणाली. "मॅडमना गोंधळ होतो. दुसरं काही नाव नाही का तुम्हाला?"

गुंडूने क्षणभर विचार केला.

"लिहा," तो म्हणाला. "सयाजीराव."

मंगळवारी चार वाजता केंद्राच्या बाकांवर समाजाची छोटी सर्वसाधारण सभा भरल्यासारखं झालं होतं. फक्त कोणी कोणाला ओळखत नव्हतं. गोदावरीबाई डोक्यावरून पदर घेऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या, पुढच्या वर्षापर्यंत. उपाध्यक्षांनी तोंडासमोर पेपर धरला होता. कोपऱ्यात माकडटोपी आणि मास्क घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या पँटची इस्त्री इतकी धारदार होती की टोपी घालून काही उपयोग नव्हता.

दीपश्रीने आतून हाक मारली. "सयाजीराव."

गुंडू उठला. त्याच वेळी कोपऱ्यातले गृहस्थही सवयीने उठले. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि गुंडू अध्यक्षांच्या नावाने आलाय, तर अध्यक्ष गुंडूच्या नावाने, हे त्या खोलीतल्या कॅलेंडर वाचणाऱ्यांना धरून सगळ्यांना कळलं.

"बसा अण्णा," गुंडू म्हणाला. "तुमची पाळी यायची आहे. तुम्ही गुंडू आहात."

सयाजीराव बसले. मग त्यांनी त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं आणि मास्कमधूनच विचारलं, "एक सांग. मागच्या वर्षीची अंगी."

गुंडू बाकावर टेकला. वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं होतं.

"दोन बोटं आखूड होती," सयाजीराव म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"देवळात किती जण होतो? सगळे शिंपीच की रे. दारातूनच दिसलं सगळ्यांना."

"मग बोलला का नाही कोणी?"

सयाजीरावांनी मास्क नाकावर चढवला. "बोललं असतं तर पुढची अंगी त्यालाच शिवायला सांगितली असती."

गोदावरीबाईंनी कॅलेंडरकडे बघतच मान हलवली. दीपश्रीने परत हाक मारली आणि गुंडू आत गेला.

ते ऐकून चिंता पळाली, असं काही झालं नाही. ती दुसऱ्या दिवशी आली, फक्त आता तिच्याकडे सांगायला नवीन काही नव्हतं, म्हणून जुनंच सांगत बसली. मृदुला मॅडमनी तिला हाकलायलाही सांगितलं नाही. त्यांनी एवढंच ठरवून दिलं की माप एकदाच घ्यायचं, मग छातीत कितीही आवळलं तरी टेप खिशातच राहू द्यायची आणि आवळणं आपोआप उतरेपर्यंत तिथंच उभं राहायचं. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. सिंधूने तोवर दोनदा कॉफी केली आणि दोन्ही वेळा स्वतःच प्याली. तिसऱ्या मंगळवारनंतर, एकादशीला आठ दिवस असताना, गुंडूने एका रेघेवर कात्री ठेवली. पहिल्या चार इंचांत ती दोनदा थांबली. मग चालली.

एकादशीला नवी अंगी चढली. दोनशे शिंपी हात जोडून उभे होते आणि दोनशेंची नजर देवाच्या मुखाकडे न जाता अंगीच्या काठाकडे गेली. ती या खेपेला अर्धं बोट लांब होती. गुंडूलाही ते दिसलं. त्याने ते पाहिलं, खिशातल्या टेपवर हात ठेवला, टेप तिथंच राहू दिली आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सिंधूने मागून विचारलं, झालं का सगळं ठीक? तो म्हणाला, अर्धं बोट. ती म्हणाली, बरं.

मंडळाच्या वार्षिक अहवालात या प्रकरणाची रीतसर नोंद आहे. समाजाचं मानसिक आरोग्य उत्कृष्ट असून दोनशे बारा सभासदांपैकी केवळ एकाला समुपदेशनाची गरज भासली, असं त्यात म्हटलं आहे. श्री. गुंडू यांनी आठ आठवड्यांत एकूण त्र्याण्णव वेळा उपचार घेतले, कधीकधी एकाच दुपारी पाच वेळा. मंडळ त्यांच्या चिकाटीचं कौतुक करतं.

दीपश्रीच्या वहीत आता चामराजपुरमबाहेरचेही गुंडू येऊ लागले आहेत. हेब्बाळचे बरेच आहेत, शुक्रवारी चारनंतर फोन करतात. दोघे-तिघे तर थेट महाराष्ट्रातून बोलतात आणि 'एका मित्रासाठी चौकशी करतोय' असं सुरुवातीलाच सांगतात. तुम्हीही इथवर आला आहात ते ओळखीच्या कोणाला तरी हे वाचायला पाठवावं म्हणूनच, हे उघड आहे. जरूर पाठवा. फोन केलात तर मंगळवारची चारची वेळ तेवढी सोडा, ती गुंडूची आहे. बाकी वेळा मोकळ्या आहेत, आणि नाव काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहेच.